चाकाची खीळ

महाराजांच्या राज्यात मी कोल्हापूरच्या कचेरीत कारकून होतो आणि उचगावाहून रोज भाड्याच्या छकड्यानं यायचो. वाटेत उतार लागायच्या आधी चिंचेखाली एक म्हातारा नालबंद बैलांना नाल मारत बसलेला असायचा. गाडी दिसली की तो हातातलं काम टाकून उठायचा, चाक आसावरून निसटू नये म्हणून घातलेली खीळ हातोडीनं ठोकायचा, मान तिरकी करून तिचा आवाज ऐकायचा आणि मग दोन बोटांनी 'जावा' म्हणून खुणवायचा. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला तर त्याचा रागच यायचा. रोज रोज काय ठोकायचं?

एकदा उशीर झाला, म्हणून मी गाडीवानाला थांबूच दिलं नाही. म्हातारा हातोडी घेऊन थोडा मागं धावला. उताराच्या मध्यावर उजवं चाक आमच्या पुढं निघून गेलं आणि छकडा उलटला. मी पडलो तेव्हा माझं कपाळ आणि मैलाचा दगड यांत वीतभर अंतर राहिलं. कोपर तेवढं फुटलं. गाडीवानाला खरचटलंही नाही.

म्हाताऱ्यानं येऊन आधी बैल सोडवले, मग मला उठवून बसवलं.

"चाचा, रोज तर घट्ट असायची की हो!" मी म्हणालो.

"घट्ट कुठली, पावणं?" धुळीत खीळ शोधत तो म्हणाला. "रोज ढिलीच असायची. म्हणून तर ठोकत हुतो."

कोपराला रुमाल बांधत मी उताराकडं वळून पाहिलं. दोन वर्षं त्या उतारावर मी रोज डुलकी काढत आलो होतो.