नॉ पॉवाला काय हवंय

ग्लेनिसबाईंनी वर्गातल्या टेबलावर चहाचा डबा आणि कॉफीची बाटली शेजारी शेजारी मांडली, तेव्हाच नॉ पॉवानं दाराकडे पाहिलं.

इंग्रजीची धास्ती तिला तशी नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या विमेरा भागातल्या त्या गव्हाच्या गावात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. बदकांच्या कारखान्यात पिसं काढायच्या ओळीवर ती उभी राहायची, दुकानात भाव विचारायची, चर्चमध्ये पाहुण्यांचं स्वागत करायची. पण कुणी "हे की ते?" असं विचारलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. "सेम, सेम," असं म्हणून ती मोकळी व्हायची. कारखान्यातल्या गोऱ्या बायका तिला लाडानं 'सेमसेम' म्हणायच्या.

"आज आवडनिवड," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "पॉवा, चहा की कॉफी?"

"सेम, थ्रामू." गावातले सगळे कारेन, म्हणजे पॉवासारखे बर्माच्या डोंगरातून आलेले लोक, बाईंना थ्रामूच म्हणत, आपल्याकडे शिक्षिकेला म्हणतात तसं.

"आज सेम चालणार नाही. एकच सांगायचं."

मागच्या बाकावरून बूशी ओरडली, "तिला कशाला छळता, थ्रामू! लग्नात पाद्रीनं विचारलं तेव्हासुद्धा ही म्हणाली असेल, हा नाहीतर तो, कुणीही चालेल!"

वर्ग खदखदून हसला. पॉवाही हसली आणि तिनं वहीत मान घातली.

बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'आय प्रिफर टी टू कॉफी.' त्याखाली, 'आय वुड रादर ड्रिंक टी दॅन कॉफी.' दोन्हींचा अर्थ एकच, कॉफीपेक्षा चहा बरा. पॉवानं पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि ती जास्तच घाबरली. 'टू' तिला ठाऊक होता. टू शॉप म्हणजे दुकानाकडे, टू चर्च म्हणजे चर्चकडे. मग टू कॉफी म्हणजे कॉफीकडेच की! माणूस तोंडानं चहा मागणार आणि वाक्य त्याला ढकलत कॉफीकडे नेणार. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या पॉवानं हात वर केला.

"थ्रामू, असं म्हटलं तर समोरचा नको तेच हातात देईल ना?"

"नाही देणार. प्रिफरला चिकटून येतं ते हवं असलेलं. 'टू'च्या पलीकडचं नको असलेलं."

"नक्की?"

"नक्की. आणि 'टू'चा भरवसा वाटत नसेल तर रादर वापर, मध्ये दॅन घाल. दॅनच्या आधीचं हवं, नंतरचं नको."

"आय प्रिफर डक टू हजबंड!" बूशीनं ठोकून दिलं.

"व्याकरण अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "घरचं तुझं तू बघ."

हशा ओसरल्यावर बाईंनी आणखी एक वाक्य शिकवलं. समोरच्यानं काही करू नये असं वाटत असेल, तर 'आय'ड रादर यू डिडन्ट.' डिडन्ट हे रूप झालेल्या गोष्टीचं, पण इथे बोलायचं आत्ताच्या गोष्टीबद्दल. "नुसतं डोन्ट म्हटलं तर ओरडल्यासारखं होतं," बाई म्हणाल्या. "असं म्हटलं की समोरच्याचा हात हळूच धरल्यासारखं होतं." मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. भात की ब्रेड? समुद्र की डोंगर? प्रश्न एकेक बाक ओलांडत जवळ येऊ लागला, तशी पॉवा उठली, बाहेर गेली आणि नळाखाली तोंड धुऊन सायकलवरून सरळ घरी आली.

का ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या लेकीलाही नाही.

सीमेजवळच्या डोंगरातल्या तिच्या गावात एका सकाळी बर्मी शिपाई आले होते. तेव्हा ती परकरातली पोर होती. त्यांचा अधिकारी धिप्पाड नव्हता, आरडाओरडा करत नव्हता. पायऱ्या चढून वर आला, पाणी मागून प्यायला आणि गोड आवाजात तिच्या बापाला म्हणाला, "काका, आम्हाला ओझी वाहायला एक माणूस हवाय, नाहीतर तुमच्या कणगीतला भात. तुम्हाला काय द्यायला आवडेल? तुमची मर्जी."

बापाला वाटलं, माणूस भला दिसतोय. क्षणभर विचार करून तो म्हणाला, "भात न्या, साहेब."

अधिकारी हसला. "म्हणजे जीव पोरात अडकलाय तर." आणि ते भातही घेऊन गेले आणि तिचा थोरला भाऊ वाडो, त्यालाही घेऊन गेले. वाडो परत आला नाही. बाप त्यानंतर जेमतेम जगला. मरेपर्यंत एकच बोलायचा, "मी कशाला सांगितलं? मी कशाला सांगितलं?" आई पोरींना बजावायची, "आपल्याला काय हवं ते ओठावर आणायचं नाही. ज्याला कळतं तो तेच उचलतो."

निर्वासितांच्या छावणीत पॉवा याच शहाणपणावर जगली, लग्न झालं, विधवा झाली, लेक लेपॉला घेऊन ऑस्ट्रेलियात आली. इथे शिपाई नव्हते. पण जो तो विचारायचा, काय आवडेल तुम्हाला? तेही गोड आवाजात.

वर्गातून पळून आल्यानंतर थोड्याच दिवसांनी कामावर तिच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. तिनं ती दाबून धरली. दुपारच्या सुट्टीत ती हिरवी-पिवळी पडली आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. बूशीनं आरडाओरडा करून रुग्णवाहिका बोलावली. मोठ्या गावातल्या रुग्णालयात तिला नेलं तेव्हा ती एकटीच होती. बूशीला कामाची पाळी सोडता आली नाही आणि लेपॉ मेलबर्नला कामाला, तिथून यायला अर्धा दिवस मोडणार होता.

ब्रोनी नावाच्या तरुण परिचारिकेनं वेदना शमवणारं इंजेक्शन दिलं. पोट तपासून झालं. एक उंच डॉक्टर येऊन भराभरा बोलला. पॉवाला कळलं ते एवढंच, पित्ताशय, खडे, कापणं. मग ब्रोनीनं एक फोन आणून खाटेवर ठेवला आणि त्याचा आवाज मोठा केला.

"दुभाषा," ती हसून म्हणाली. "आता तुमच्या भाषेत बोला."

फोनमधून पुरुषाचा आवाज आला. बर्मी. गोड, सावकाश, ताईला म्हणतात तसं 'अमा' म्हणणारा. "नमस्कार, अमा. डॉक्टर विचारतायत, तुम्हाला काय आवडेल..."

पुढचं पॉवाला ऐकूच आलं नाही. बर्मी तिला समजत होती, छावणीच्या शाळेत सक्तीनं शिकली होती. पण कानात सूं सूं आवाज भरला आणि त्यातून फक्त तेवढंच येत राहिलं. तुम्हाला काय आवडेल. तुम्हाला काय आवडेल. तिनं खाटेची कड घट्ट धरली.

"अमा? ऐकू येतंय ना? घाबरू नका. दोन मार्ग आहेत..."

"हो," पॉवा बर्मीत म्हणाली.

"हो म्हणजे पहिला की दुसरा?"

"हो. हो."

मग तो आवाज डॉक्टरांशी इंग्रजीत काहीतरी बोलला, लांबलचक. डॉक्टरनं मान हलवली, पॉवाच्या खांद्यावर थोपटलं आणि तो निघून गेला. फोन बंद झाला.

म्हणजे ठरलं. पण काय ठरलं? आपण कशाला हो म्हणालो? पॉवाला काही केल्या उमजेना. ब्रोनीनं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, खाटेच्या चाकांचे खटके पायानं उघडले आणि खाट हलली. छतावरचे दिवे एकामागून एक मागे जायला लागले. आता नेतायत. पोट कापायला, की दुसऱ्या शहरात पाठवायला, की आणखी कुठे? वाडोनं त्या सकाळी वळून पाहिलं होतं. त्याच्या पाठीवर आपल्याच घरच्या भाताचं पोतं होतं.

"थांबा," ती म्हणाली. चाकांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

खाट एका दुसऱ्या खोलीत येऊन थांबली. ब्रोनीनं पुन्हा तो फोन हातात घेतला आणि म्हणाली, "डॉक्टरांना अजून थोडं विचारायचंय, आपण परत त्याच दुभाष्याला..."

तिचं बोट आकड्यांकडे गेलं. पॉवानं श्वास ओढला. मनात सगळी वाक्यं एकमेकांत अडकली होती. प्रिफर म्हणू का? पण तो 'टू' मध्ये आला आणि बर्मीकडेच घेऊन गेला तर? नको, नको. टूच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. डोन्ट म्हणू? ओरडल्यासारखं होईल, आणि ओरडणाऱ्यांचं पुढे काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

"आय'ड रादर यू डिडन्ट," ती म्हणाली.

फार हळू म्हणाली. पण ब्रोनीचं बोट आकड्यांच्या वर तसंच थांबलं. तिनं पॉवाकडे पाहिलं. आतापर्यंत या बाईनं यसशिवाय शब्द काढला नव्हता.

"फोन नको?" ब्रोनीनं विचारलं.

"आय वुड रादर... कारेन... दॅन बर्मीज."

"कॅरन?" ब्रोनीच्या कपाळाला आठी पडली. "कॅरन एक्स-रेमध्ये असते, पण ती आज सुट्टीवर आहे हो. तुम्ही ओळखता तिला?"

पॉवा हादरली. आपण बोललो, सगळं बरोबर बोललो, हवं ते दॅनच्या आधी, नको ते नंतर, तरी कोण ही बाई मध्येच उपटली? तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण एकदा तोंडातून निघालं ते निघालं होतं, आता ते गिळता येत नव्हतं.

"नॉट लेडी," ती म्हणाली. "लँग्वेज. माय लँग्वेज, कारेन. बर्मीज... सोल्जर लँग्वेज." आणि तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

ब्रोनीला उलगडायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा लालेलाल झाला. "अगं देवा," ती म्हणाली. "आणि आम्ही तोच माणूस तुमच्या कानाशी..." तिनं फोन बाजूला ठेवला, खुर्ची ओढली आणि पॉवाचा हात हातात घेऊन बसली. मग बाहेर जाऊन कुणाकुणाशी बोलून आली. कारेन दुभाषी मिळायला वेळ लागला. तोवर पॉवा दाराकडे बघत पडून होती. कुणीतरी येईल, हसेल, आणि म्हणेल, म्हणजे तुझा जीव यात अडकलाय तर.

कुणी आलं नाही. फोनमधून एका बाईचा आवाज आला, अस्सल कारेन, बोलताना मागे कढईचा चर्र आवाज. "मुगा, मी बेंडिगोहून बोलतेय. जेवण शिजतंय, तेवढं माफ करा. दुखतंय का फार?"

मुगा, म्हणजे मावशी. पॉवाला हुंदका फुटला. बाईनं तिला रडू दिलं. मग सगळं समजावून सांगितलं. पित्ताशयात खडे होते, सूज होती. उद्या इथेच शस्त्रक्रिया करता येईल, नाहीतर औषधं घेऊन घरी जायचं आणि काही आठवड्यांनी यायचं. तेव्हा कळ पुन्हा उठू शकते. कशालाच ठाम होकार न मिळाल्यानं डॉक्टरांनी अजून काही ठरवलं नव्हतं. तिला फक्त शांत खोलीत हलवलं होतं.

"आणि मुगा, आधीचा माणूसही डॉक्टरांना सांगून गेला होता की बाई फार घाबरल्यायत, नीट विचारा. त्यांना वाटलं कापायला घाबरल्यायत."

पॉवाला त्या आवाजाचं काय करावं कळेना. तिनं त्याला माफ केलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत.

"तर मग काय करायचं?" बाईनं विचारलं. "तुमचं मन काय म्हणतंय?"

पुन्हा तोच प्रश्न. तिच्या आईची भाषा, तरी प्रश्न तोच. तिनं डोळे मिटले.

"उद्याच कापा," ती म्हणाली. "पण माझी लेक आल्यावर. ती यायच्या आधी नको."

बोलली आणि रात्रभर तिला वाटत राहिलं की आता लेपॉच्या गाडीला रस्त्यात काहीतरी होणार. मागितलं ना तोंडानं. पण सकाळी लेपॉ आली, केस विंचरायचे राहिलेले, हातात भाताच्या पेजेचा डबा, जो आईला खायची परवानगीच नव्हती. पॉवानं लेकीला घट्ट धरलं आणि आत नेईपर्यंतच्या वेळात तिला पहिल्यांदा वाडोबद्दल सांगितलं. कणगीबद्दल, पाणी पिऊन गेलेल्या अधिकाऱ्याबद्दल, बाप मरेपर्यंत काय म्हणायचा त्याबद्दल. लेपॉनं पेजेचा डबा खाली ठेवला. "आई, एवढी वर्षं?" एवढंच ती म्हणाली.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. सुट्टी संपवून पॉवा कारखान्यात परतली आणि ताप आल्यासारखे गरम कान घेऊन मुकादमासमोर उभी राहिली. पिसांच्या ओळीपेक्षा पॅकिंगचं काम मिळालं तर बरं, असं तिनं सांगितलं. दॅन वापरून. त्यानं सोमवारपासून तिला पॅकिंगला घेतलं.

"झालं ना मनासारखं? मग तोंड असं का?" बूशीनं विचारलं.

"झालं," पॉवा म्हणाली. पुढचे कितीतरी दिवस मुकादम जवळून गेला की ती हातातलं खोकं छातीशी धरून उभी राहायची आणि तो पुढे गेल्यावरच ते खाली ठेवायची.