हात दाखवून वळलेली सायकल

लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा पहिला मीच, आणि तोही पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर. आयुष्यभर पंचनामे आणि जबाब लिहिले. त्यापलीकडे काही जमेल का, ठाऊक नाही. ठाकुर्लीची ती घटना मात्र अजून मनातून जात नाही.

सकाळच्या गर्दीत एका टेम्पोने सायकलवरच्या बाईंना उडवलं आणि पळ काढला. बाई डोंबिवलीत घरोघरी पोळ्या करायच्या. जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो, तेव्हा पाय प्लास्टरमध्ये होता.

"पायाचं राहू द्या साहेब. मी उजवा हात दाखवून वळले, तेवढं नीट लिहा," त्या म्हणाल्या. "चाळीतल्या बायकांना मी सायकल शिकवली. माझी चूक ठरली, तर सगळ्यांच्या सायकलींना कुलूप."

शेजारी बसलेली त्यांची जाऊ म्हणाली, "ठरेल कशाला ताई, कुलूप लागलं पण. आमच्या ह्यांनी कालच चावी खिशात टाकली."

टेम्पोचा नंबर कोणी पाहिला नव्हता. "बाईच मध्ये आली" असं सांगणारे मात्र बरेच होते. धडकेचा आवाज ऐकून मान वळवणारा माणूसही स्वतःला साक्षीदार समजतो. आमच्या हाती होता फक्त जागेवर जप्त केलेला, टेम्पोच्या आरशाच्या कव्हरचा तुकडा.

आरसा बदलायला कोणी आलं तर कळवा, असं गॅरेजांच्या आसपास सांगून ठेवलं. मग कोपरीतल्या एका चहावाल्याचा फोन आला. "साहेब, बाजूच्या गॅरेजात एका टेम्पोला डावा आरसा बसवला. ड्रायव्हरने हार घातला, नारळ फोडला, मला पण खोबरं दिलं. आता ना दसरा, ना गाडी नवी."

गॅरेजच्या भंगारात जुना आरसा मिळाला. पंचांसमक्ष जप्त केला आणि ड्रायव्हरला पोलीस ठाण्यात बोलावलं.

"मी ठाकुर्लीला गेलोच नाय साहेब. आरसा पार्किंगमध्ये फुटला."

"मग नारळ कशाला?"

"नवा आरसा लावला ना."

आमचे हवालदार म्हणाले, "माझ्या बाईकचे दोन्ही आरसे बदलले. अगरबत्ती पण नाही लावली रे मी."

मग ड्रायव्हर म्हणाला, "बाईचा हात दिसलेला मला. वाटलं, सायकल आहे, थांबेल."

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. पण आमचा तुकडा जुन्या आरशाच्या तुटक्या कडेला बरोबर बसला. पुढे कोर्टातही त्याने गुन्हा कबूल केला. बाई कुबडी घेऊन आल्या होत्या. शिक्षा किती झाली, हे त्यांनी विचारलं नाही. "हात दाखवलेला, हे आलं ना निकालात?" एवढंच विचारलं. आलं म्हटल्यावर जावेला म्हणाल्या, "चल, आता चाव्या मागू."

मी वर्दीत अनेक धीट माणसं पाहिली, पण मोडक्या पायाने दुसऱ्यांच्या चाव्यांसाठी उभं राहिलेलं माणूस हे एकच. सायकलवाला हात दाखवतो तेव्हा तो मेहेरबानी मागत नसतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

नंतर माझी बदली झाली, मग निवृत्तीही. परवा अचानक त्यांच्या जावेचा फोन आला.

"साहेब, चाव्या तेव्हाच मिळाल्या आम्हाला. पण ताई काही बसत नव्हत्या सायकलवर. आज बसल्या."

"कुठवर गेल्या?"

"त्याच वळणावर. आम्ही सगळ्या मागे. हात दाखवला, मागचा टेम्पो थांबला, मग वळल्या."