भक्षक पेशींची पंगत

दुपारी इन्क्युबेटरच्या घरघरीनं ऋजुताचा डोळा लागतो, म्हणजे धड लागतही नाही. कोपराखाली प्रबंध आहे. तीन वर्षं खपून निष्कर्ष एवढाच, की भक्षक पेशींच्या जनुकांवर स्टिरॉइडचा काही परिणाम होत नाही. उद्या तो सरांच्या हाती द्यायचा आणि तोंड लपवायचं.

इन्क्युबेटरचं दार आतून उघडतं आणि गंगावणे मामा डोकावतात. एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत बाटल्या धुऊन मामा गेल्या दिवाळीत वारले. पण ते इतके निवांत दिसतात, की तो विषय काढणं तिला बरं वाटत नाही.

आत मंगल कार्यालय आहे. पाटांवर भक्षक पेशींच्या दोन पंगती, प्रत्येकीच्या पोटात जनुकांची जाडजूड चोपडी. इंटरफेरॉन नावाचे व्याही ओरडत फिरतायत, की जंतू आलेत, आगीचं पान उघडा. पहिल्या पंगतीत स्टिरॉइड मावशी शिरतात, पोटातल्या पानावर हात ठेवतात, आग विझते. दुसऱ्या पंगतीत मावशींना मज्जाव आहे. तरी तीही ढिम्म.

गेली तीन वर्षं हेच चाललंय, असं ऋजुता कुरकुरते. मामा वाढप्याच्या बादलीत बोट बुडवून चाखतात.

"यांना जेवायला काय घातलंत, मॅडम?"

"सीरम. वासराचं."

"मग वासराच्या रक्तात मावशी नव्हत्या?"

ऋजुता बादलीत वाकून बघते. तिचं काम तपासणाऱ्या दोन समित्यांपैकी कुणीही वासराची चौकशी केली नव्हती. सीरम आधी कोळशातून काढायचं, म्हणजे त्यातलं स्टिरॉइड निघून जातं. चौऱ्याण्णव साली ते काम मामाच करत. मग जिवंतपणी बोलला का नाहीत, असं ती विचारते.

"तुम्ही चहाचंच विचारायचात."

मामा तिचा हात धरून बादलीत कोळसा ढवळतात. गाळलेलं सीरम वाढलं जातं. पहिली पंगत पेंगते. दुसरी एकदम चोपड्या उघडते, आणि त्या फडफडाटानं ऋजुता जागी होते.

उजवा हात मनगटापर्यंत काळा आहे. प्रयोगशाळेत कोळसा नाही. मागवायचा तर तीन कोटेशनं लागतात.

डाव्या हातानं ती सरांना फोन लावते. उद्या नको, सगळे प्रयोग पुन्हा करायचेत, असं सांगते. सर तापतात. हे डोक्यात कुणी भरवलं, असं विचारतात.

"गंगावणे मामांनी."

पलीकडे सरांचा आवाज एकदम खाली येतो.

"मामा म्हणाले?" सर म्हणतात. "मग बरोबरच असणार."