सासूबाईंचा अर्धा घास

संस्थान विलीन झाले, त्याच्या पुढच्या वर्षी जव्हारला मला आठवा महिना लागला. शिजत्या भाताच्या वासानेच मळमळायचे. सुईण म्हणाली, "अशानं पोर वाढायचं कसं?"

सासूबाई एकभुक्त असत. त्या दिवसापासून मात्र त्या थोड्या थोड्या वेळाने नागलीची गार भाकरी आणि लोणचे घेऊन माझ्यासमोर बसू लागल्या. प्रत्येक घास मोडून अर्धा त्या खात, अर्धा मला देत.

"आई, तुमचं व्रत?"

"देव थांबेल गं, बाळ थांबत नाही. खा!"

महिनाभरात त्यांचीच चोळी घट्ट झाली. शेजारीण हसली, "बाळंत कोण होणार, सून की सासू?"

मुलगी गुटगुटीत झाली. सासूबाई परवा गेल्या. आज त्याच मुलीला आठवा लागलाय, आणि भाकरी घेऊन मी तिच्यासमोर बसले आहे.