वड्या न वाळवणारं ऊन

बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून इकडे आयर्लंडमध्ये, पोर्टलीशला आणलं. सांगताना चार महिने सांगितले, मनात मात्र कायमचं होतं. ते मी कुणालाच बोलले नव्हते, तिला तर नाहीच.

मे महिन्यात, तिचा चौथा महिना चालू असताना, एके सकाळी लख्ख ऊन पडलं. शेजारच्या आजीबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "ग्रँड ड्रायिंग टुडे!" त्या बोलत होत्या कपडे वाळण्याबद्दल. मी हुरळून मुगाची डाळ भिजत घातली. दुसऱ्या दिवशीही तसंच ऊन होतं. आईने सोबत आणलेलं बाबांचं जुनं धोतर परसात अंथरून त्यावर मुगवड्या घातल्या. चौथ्या दिवशी त्यांना बुरशी आली. तिने त्या टाकून दिल्या आणि धोतर धुवायला घेतलं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात काम करते. तिथल्या नॉर्वेच्या सहकाऱ्याला जेवताना हे सांगितलं, तर तो हसला. त्यांच्याकडे उन्हाला 'सूलशिन' म्हणतात. सूल म्हणजे सूर्य, शिन म्हणजे चमक. "शब्द फार जुना आहे," तो म्हणाला, "पण ऊब त्यात कधीच नव्हती." घरी येऊन शोधलं, तर ते 'सूल' आपल्या सूर्याचंच लांबचं भाऊबंद निघालं. आपलं ऊन मात्र थेट 'उष्ण'मधून आलेलं.

म्हणजे इथे आल्यापासून अकरा वर्षं मी चमकेलाच ऊन म्हणत होते! मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. मला नागपूरचं हिवाळ्यातलं अंगण हवं होतं, उन्हात पाठ शेकत संत्री सोलणारी आई हवी होती, आणि ती इथे माझ्याजवळ हवी होती. एकाच वेळी हे सगळं कुठून मिळणार?

आईला शब्दाची गंमत सांगितली. तिने शाल घट्ट ओढून घेतली.

"तरीच! मी म्हनतो, उन्हात बसून बी पाठ काहून गार राहाते."

मी लॅपटॉप उघडून तिचं परतीचं तिकीट काढायला बसले. तिने मागितलं नव्हतं, पण मला तिच्या त्या गार पाठीकडे बघवेना. प्रवासी किती, या रकान्यात मी एक लिहिलं. आई चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होती.

"एकाचंच काढून रायली का?"

तेव्हा कळलं, चार महिने ती मला नागपूरला न्यायला थांबली होती. मी तो एकचा आकडा तसाच ठेवला आणि बटण दाबलं.