उशिरा आलेला ताप

लशीनंतर ताप यावा म्हणून देवाला हात जोडणारा माणूस मी एकच पाहिला. आखातातल्या मुसफ्फाच्या कामगार कॅम्पात तो माझ्या खालच्या बंकवर झोपायचा. चिपळूणकडचा.

गावी त्याची आई गेली तेव्हा विमानं बंद होती. कंपनीने पाठीवर हात फिरवला आणि ड्युटीवर धाडलं. सुतक कसलं नि काय, वेल्डिंगचा मास्क चढवला की कुणाचे डोळे कुणाला दिसतात! दहाव्याला धाकटा भाऊ नदीवर पिंड ठेवणार होता. तेव्हा निदान व्हिडिओ कॉलवर तरी आईशी बोलावं, एवढीच याची इच्छा. पण यार्डात फोन गेटवरच जमा करावे लागत.

लशीने ताप आला तर एक दिवस आराम, असं फोरमनने सांगितलं होतं. म्हणून याने मुद्दाम लशीचा नंबर बदलून दहाव्याच्या आदल्या दिवशी, आमच्याबरोबर लस टोचून घेतली.

सकाळी आमची अख्खी खोली तापाने फणफणली. माझा दंड इतका सुजला की शर्ट चढेना. आणि हा ठणठणीत! ब्लँकेट गुंडाळून बसला, कढत पाणी प्यायला, कपाळ चोळून लाल केलं. बसपाशी तपासणीच्या रांगेत मी त्याच्या मागेच होतो.

"नॉर्मल है. यल्ला, बैठो," फोरमन म्हणाला.

"साहब, आज माँ का..."

"बुखार नहीं तो रेस्ट नहीं. मेरे हाथ में कुछ नहीं है, भाई."

मला मात्र लगेच आराम मिळाला. मला माझ्याच तापाची लाज वाटली. बसमध्ये चढता चढता तो म्हणाला, "भावाला तुझा नंबर दिलाय. आईला काय ते तूच सांग."

फोन आला. नदीकाठी चार माणसं, पिंड, आणि झाडावर बसून राहिलेले कावळे. "दादा कुठाय?" भावाने विचारलं. तो कामावर गेलाय, हे सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, "ताप आलाय, झोपलाय." मग कुडकुडत फोनपाशी तोंड नेऊन बोललो, "आई, मी आहे त्याच्यासोबत. काळजी करू नका." कावळा काही खाली उतरला नाही. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

संध्याकाळी तो परतला. बूटही काढले नव्हते.

"शिवला?"

"शिवला."

"लगेच?"

"लगेच."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बंकवर बसला. थोड्या वेळाने बंक हलायला लागला म्हणून मी वाकून पाहिलं, तर त्याला हुडहुडी भरलेली. अंग भाजत होतं. मला त्या तापाचा असा संताप आला! गोळी दिली, ती त्याने उशाखाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी त्याला आराम मिळाला. तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून रडला. फोरमन खोलीत डोकावला. "इसको साइड इफेक्ट बहुत हुआ क्या?"

"हां साहब," मी म्हणालो, "इसको बहुत हुआ."