बघूसाहेबांचा शब्द

बघूसाहेबांनी आयुष्यात कोणाला "हो" म्हटलेलं मी एकदाच ऐकलं, आणि तेही एका कावळ्याला.

त्यांचं खरं नाव वॉल्टर. जर्मनीतल्या एका लहानशा गावात बँकेच्या काउंटरवर उमेदवारी करून ते वर चढले आणि त्या बँकेच्या फोर्टातल्या शाखेत कर्ज मंजूर करणारे साहेब म्हणून आले. माझे बाबा त्यांच्या हाताखाली हेडक्लार्क. कर्ज मागणारे शेठ गोड बोलून, जेवणावळी घालून थकत, पण साहेब मराठीतला एकच शब्द काढत, "बघू." तो बाबांनीच शिकवलेला, तेव्हा बारशाचा मानही बाबांचाच.

हे वेड बँकेपुरतं नव्हतं. गिरगावात आमच्याच वाडीत मेरीआंटीच्या माडीवर ते भाड्याने राहत. आईने गणपतीत जेवायला बोलावलं तरी "बघू"च, आणि मग सगळ्यांच्या आधी पाटावर हजर. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "माणूस शब्द देतो, मग मरतो. शब्द मरत नाही. फार त्रास." मला तेव्हा हसू आलं होतं.

बाबा अचानक गेले. दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या कठड्यावर कावळे ओळीने बसलेले, पण एकाचाही आवाज नाही. काकाने हात जोडून एकेक कबूल केलं, पुतणीचं लग्न लावीन, गावचं घर शाकारीन. कावळे ढिम्म. साहेब मागे काळ्या कोटात उभे होते. त्यांनी विचारलं, "त्याला काय पाहिजे?"

"वहिनी एकटी पडेल, ह्यात जीव अडकला असेल," काका म्हणाला.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पुढे येऊन पिंडासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "हो. वहिनींना मी एकटं सोडणार नाही." वाक्य संपतं न संपतं तोच कावळा उतरला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला साहेब आमच्या गॅलरीत. आई तांदूळ निवडायची, ते चहा पीत पेपर वाचायचे, बोलणं जेमतेम. वाडी कुजबुजली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तेंनी शबूद दिलोहा, लोकांका काय?" पुढे बँकेने त्यांना जर्मनीला मुख्य कचेरीत मोठ्या पदावर बोलावलं. सगळी कारकीर्द त्यांनी ज्या खुर्चीसाठी घालवली, तीच ही. साहेबांनी राजीनामा दिला. मला म्हणाले, "नोकरी बँकेची. शब्द माझा." असा वेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी ते गेले. शिवडीला पुरलं. पण आई रोज दोन कप चहा ठेवत राहिली. आणि आमच्या जिन्यात आडवा पडणारा वाडीचा म्हातारा कुत्रा, जो फक्त साहेबांना वाट द्यायला उठायचा, तो दिवेलागणीला उठून भिंतीला चिकटून उभा राहायचा आणि जरा वेळाने परत पडायचा. मला भीती वाटू लागली. आईला दादरला माझ्याकडे चल म्हटलं, तर ऐकेना.

शेवटी मी काकाला घेऊन बाणगंगेवर साहेबांच्या नावाने पिंड ठेवला. भटजींनी कुरकुर केली, मेरीआंटी मात्र म्हणाली, "ठेव गं, मी कबरीवर मेणबत्ती लावते, तू हे कर." मी हात जोडले. "साहेब, आता आईला मी सांभाळीन. तुम्ही सुटलात." एक कावळा पिंडापाशी आला, मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला आणि उडून कठड्यावर जाऊन बसला. ऊन डोक्यावर आलं. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि विधी उरकला.

दिवेलागणीला गिरगावात परतले तेव्हा आई दोन कपांत चहा ओतत होती.

"शिवलो नाय ना?" तिने विचारलं.

"नाही शिवला," मी म्हटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा निवला.

"माका ठावक हुतां," ती म्हणाली. "आता तू खुशाल घराक जा."

मी निघाले. जिन्यात कुत्रा उठून उभा राहिला होता. मीही पदर आवरून भिंतीशी सरकले आणि वाट दिली.